येतो म्हणावं

आमच्या घरात 'जातो' हा शब्द चालत नाही. म्हणजे एरवी चालतो. दूध उतू जातं, दिवे जातात, आणि पाणी तर आमच्या वारज्यात तेव्हा रोजच जायचं. पण घरातून निघणाऱ्या माणसानं दारात उभं राहून 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आणि घरात राहणाऱ्यानं 'ये' म्हणायचं. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेल्यालाही यातून सूट नाही. मला हे माझ्या आईनं शिकवलं आणि मी माझ्या एकुलत्या एका मुलाला. शाळेत निघताना तो दप्तर अडकवून 'आई, जातो' असं ओरडला की मी त्याला अर्ध्या जिन्यातून परत बोलवायची. "घरातून निघताना असं बोलतात का? पुन्हा म्हण." मग तो पाय आपटत 'येतो' म्हणायचा, मी 'ये' म्हणायची, आणि खाली रिक्षावाले काका सगळी सोसायटी जागी होईल इतका हॉर्न वाजवायचे.

ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, हा सगळा बाष्कळपणा वाटायचा. हे एस.टी.त होते, स्वारगेटला. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी माईकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा करण्यात काढली.

"मी जन्मभर साताऱ्याला जाणारी गाडी, सांगलीला जाणारी गाडी असंच म्हणत आलो," ते म्हणायचे. "सगळ्या गाड्या परत आल्या."

"काही घाटात बंद पडल्या असतील," मी म्हणायची.

"पडल्या. पण त्या गिअरबॉक्समुळे. माझ्या व्याकरणामुळे नाही."

अशा या घरातला मुलगा कॉम्प्युटर शिकला, हिंजवडीत नोकरीला लागला आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आई, मी ऑनसाइट चाललोय." वारज्यात त्या काळी जिकडे बघावं तिकडे वाळूचे ढीग आणि सळया. शेजारच्या काकांनी अगदी आस्थेनं विचारलं, "कुठल्या साइटवर? सिंहगड रोडला का?" मग मुलानं सगळ्यांना समजावून सांगितलं की साइट जर्मनीत आहे, तिकडे जाऊन काम करणारे ते ऑनसाइट आणि इकडे राहून करणारे ते ऑफशोअर. ह्यांनी शब्दकोश काढून ऑफशोअरचा अर्थ पाहिला. "किनाऱ्यापासून दूर, पाण्यात," ते म्हणाले. "म्हणजे मुलगा जमिनीवर, आणि आपण दोघं पाण्यात."

त्या पहिल्या वेळी मुंबईचा नवा रस्ता पुरा झालेला नव्हता. घाटात अजून काम चाललं होतं. विमानतळावर सोडायला जाणं हा तेव्हा एक समारंभ असायचा, आणि तो जुन्या रस्त्यानं, भाड्याच्या जीपमधून पार पडायचा. नणंद, नणंदेची मुलं, वरच्या मजल्यावरचं, नात्याचं नसून नातेवाइकांसारखं वागणारं एक जोडपं, असे सगळे आले. बसायला जागा नव्हती म्हणून ज्याला सोडायचं तोच मागे स्टेपनीवर बसला. विमान रात्रीचं होतं आणि आम्ही सकाळीच निघालो, कारण घाटात काय होईल ते सांगता येत नाही. घाटात जे व्हायचं ते झालं. इंजिन तापलं, नणंदेचं पोट ढवळलं, लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरलेली मुलं हरवली आणि सापडली. विमानतळाच्या दारात मुलगा एकेकाच्या पाया पडत 'येतो, येतो' म्हणत गेला, आणि त्या भरात रांगेतल्या एका अनोळखी आजोबांच्याही पाया पडला. त्यांनी न गडबडता आशीर्वाद दिला. मला त्यानं शेवटी नमस्कार केला. "येतो, आई." "ये." सहा महिन्यांनी तो आला.

दुसऱ्या वेळेपर्यंत रस्ता पुरा झाला. पाटीवर 'द्रुतगती मार्ग' आणि लोकांच्या तोंडी 'एक्स्प्रेस वे'. या खेपेला आम्ही दोघंच गेलो. मला सोडायला जाण्याचा अनुभव होता, पण तो जुन्या रस्त्याचा. मुलाशी बोलायच्या गोष्टी मी त्याच हिशेबानं काढून ठेवल्या होत्या. तब्येतीचं लोणावळ्यापर्यंत, लग्नाचं घाटात, आणि नणंदेच्या जागेची भानगड खोपोलीनंतर. तब्येतीचं अजून संपलं नव्हतं तोवर पनवेल आलं. बोगद्यांत तर तोंड उघडलं की बोगदा संपायचा. लग्नाचं बोलायचं राहिलं ते राहिलंच. तरी दारातून आत जाताना त्यानं मान वळवून 'येतो' म्हटलं, आणि तेवढं मला पुरलं.

तिसऱ्या वेळी तेही बंद झालं. रस्ता झाल्यावर विमानतळाच्या गाड्या निघाल्या होत्या. फोन केला की गाडी दाराशी येणार, वाटेत आणखी दोघातिघांना घेणार आणि थेट विमानतळावर उतरवणार. माणशी एक सीट.

"आई, आता कुणी सोडायला येत नाही," मुलगा म्हणाला. "मुंबईचा विमानतळ म्हणजे आता स्वारगेटसारखं झालंय."

"स्वारगेटला लोक सोडायला येतात," हे थंडपणे म्हणाले.

पण मुलाचं म्हणणं खरं होतं. आम्ही सोसायटीच्या फाटकापर्यंत गेलो. त्याचा एक पाय गाडीत, एक बाहेर, कानाला मोबाइल, आणि तिकडून कुणीतरी त्याला कामाचं काहीतरी विचारत होतं. फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "चल आई, जातो." आणि दार लागलं. मी काचेवर टकटक केली. त्यानं आतून हात हलवला. माझं 'ये' तोंडातच राहिलं.

"शब्दच आहे तो," हे फाटक लावताना म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी गाड्या परत आल्याचं काही ऐकवलं नाही.

काही महिन्यांचं काम होतं, ते लांबलं. मग दुसरं निघालं. दिवाळीला येतो म्हणाला आणि आला नाही, मग मेमध्ये म्हणाला आणि तेव्हा तो मित्रांबरोबर बर्फ बघायला गेला. मे महिन्यात बर्फ! दोन वर्षं उलटून गेली. मी काही अंधश्रद्ध बाई नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच थांबायला सांगते. त्या एका शब्दानं विमान पडेल असं मला कधीच वाटलं नाही. भीती निराळीच होती. माणूस 'येतो' म्हणतो ते निघाल्या जागी परत यायचं असतं म्हणून. उद्या त्याचं घरच तिकडे झालं, तर इथून निघणं हे त्याच्या लेखी खरोखरच 'जाणं' होईल, आणि 'येतो' मग चुकूनसुद्धा त्याच्या तोंडी येणार नाही. या विचारानं मी रडलेही आहे, भांडी घासताना, नळ सोडून.

शेवटी तो आला. चार दिवस माहेरवाशिणीसारखा राहिला, भरपूर खाल्लं, भरपूर झोपला, आणि परत निघायचा दिवस आला. विमान दुपारचं होतं. गाडीची एक सीट त्यानं सांगून ठेवली. मी ठरवलं की या खेपेला मी विमानतळाच्या दारापर्यंत जाणार आणि त्याच्या तोंडून 'येतो' ऐकणार. आणि तेही त्याला न सांगता. सांगून म्हटलेला 'येतो' मला नको होता. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर तो मान, आपणच विचारून गेलो तर नुसतं कुंकू.

ह्यांना मी फक्त 'मला सोडायला जायचंय' एवढंच सांगितलं.  मुलगा बाहेर गेल्यावर त्यांनी गाडीवाल्यांना फोन लावला आणि त्याच पत्त्यावरून आणखी एक सीट मागितली. पलीकडच्या बाईनं विचारलं, दुसऱ्या पॅसेंजरचं विमान कुठलं? जन्मभर माईकवर खरं बोललेला माणूस, गडबडला.

"तेच," ते म्हणाले.

अशी मी जर्मनीला निघाले.

जर्मनीला जाणाऱ्या बाईकडे बॅग हवी. माझ्याकडे निळी छोटी बॅग होती आणि तिच्यात भरायला सामानही तयार होतं. मुलानं वजन जास्त होतंय म्हणून त्याच्या बॅगेतून मेतकूट, लसणीची चटणी, गोडा मसाला आणि लाडवांचा डबा काढून ओट्यावर ठेवला होता. ते सगळं मी माझ्या बॅगेत घातलं. वर शाल.

सकाळी गाडी आली. ड्रायव्हर चांगला धिप्पाड, पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी. गाडी त्याची स्वतःचीच होती.

"हितनं दोन शिटा," तो म्हणाला.

"एक," मुलगा म्हणाला.

"दोन हायत. ह्या मावशी न्हवं का?"

मी नेसूची चांगली साडी सावरत, बॅग घेऊन जिना उतरत होते. मुलानं नुसतं "आई?" म्हटलं. "बस आता, उशीर होतोय," असं म्हणून मी आधी आत शिरले. गाडीत दोन माणसं आधीच बसलेली होती. चारचौघांत आईशी वाद घालू नये एवढं वळण मी त्याला लावलं होतं, ते असं उपयोगी पडलं. ह्यांनी फाटकातून त्यांच्या माईकच्या आवाजात घोषणा केली, "वारजे-मुंबई गाडी सुटत आहे." मी म्हटलं, "येते हो." ते म्हणाले, "ये."

पुढे ड्रायव्हरशेजारी एक मुलगी कानात वायरी घालून झोपली होती. मागे आमच्या शेजारी पेठेतले एक गृहस्थ होते. पंपांचे सुटे भाग परदेशात विकायचे, वरचेवर विमानानं जायचे, आजही मुलाच्याच विमानानं निघाले होते, आणि हे सगळं त्यांनी चांदणी चौक यायच्या आत सांगून टाकलं. मुलगा खिडकीशी तोंड करून बसला होता.

एक्स्प्रेस वे लागला तसा ड्रायव्हर ताठ बसला. थोडं पुढे गेल्यावर त्यानं एकदम हॉर्नवर हात दाबून धरला, कारण मधल्या लेनमध्ये एक ट्रक डुलत चालला होता.

"बघा बघा, माझ्या खाचरात ट्रक घातलाय!"

"तुमच्या कशात?" गृहस्थ म्हणाले.

"खाचरात. भात लावायचो आम्ही हितं. ह्या दोन पुलांच्या मधी जी मधली लेन हाय न्हवं, ती आमची. कडंची चुलत्याची."

"तुम्हाला मोबदला मिळाला ना? मग ती जमीन सरकारची झाली."

"कागदावर झाली की. पर गाडी बी त्यातनंच घेतली आन् टोल बी मीच भरतोय. मंग रस्ता कुनाचा, सायेब?"

ट्रक बाजूला होईपर्यंत त्यानं हॉर्न सोडला नाही. आपलं खाचर संपल्यावर मात्र तो अगदी समजूतदारपणे गाडी चालवू लागला. गृहस्थांनी मग माझ्याकडे मोर्चा वळवला.

"मुलाबरोबर निघालात वाटतं, वहिनी? विमानाची पहिलीच वेळ?"

"हो," मी म्हटलं. यातलं निदान अर्धं खरं होतं.

"मग नीट ऐका. वर चढताना कान बंद होतात, तेव्हा गोळी चघळायची. आहे गोळी? नाही ना? या घ्या." त्यांनी दोन लिमलेटच्या गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. "खिडकी मागू नका. मधेच उठायचं झालं तर दोघांना उठवावं लागतं, आणि ते उठत नाहीत. जेवण शाकाहारी सांगितलंय ना?"

"ह्यांनी सांगितलं असेल."

"ह्यांचं तिथे काय चालणार? मुलाला विचारून घ्या आत्ताच." मग त्यांची नजर माझ्या पायाशी गेली. "बॅग एवढीच?"

"मला फार लागत नाही."

"अहो, तिकडे थंडी असते!"

"शाल आहे."

"शाल!" गृहस्थांनी कपाळावर हात मारला आणि माझ्यावरून वाकून मुलाला म्हणाले, "अहो साहेब, आईंना कोट घेतलाय की नाही?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आता हा सगळं सांगून टाकणार. मुलगा अजून खिडकीकडेच बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. भयंकर चिडलाय, असं मी धरून चालले. तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली, काच काळी झाली आणि तिच्यात मला त्याचं तोंड दिसलं. तो हसू दाबून दाबून लालबुंद झाला होता.

"घेतलाय," तो म्हणाला. "तिकडेच ठेवलाय."

"शाबास," गृहस्थ म्हणाले. "आणि वहिनी, पट्टा. पट्ट्याचं आत्तापासून शिकून घ्या." गाडीचा पट्टा त्यांनी मला दोनदा लावायला आणि दोनदा काढायला लावला. पुढची मुलगी कानातल्या वायरी काढून वळून बघायला लागली होती. "काकू, सो स्वीट," ती म्हणाली आणि परत झोपली. यात स्वीट काय होतं ते मला कळलं नाही.

घाट उतरून गाडी खालापूरला चहाला थांबली. सगळे पांगल्यावर मुलगा दोन कप घेऊन माझ्यासमोर बसला.

"आई, हे काय चाललंय?"

"सोडायला आलेय."

"मग तसं सांगायचंस ना."

"नाही म्हणाला असतास."

"हो," तो म्हणाला आणि आता मोठ्यानंच हसला. "बाबांनी सीट बुक केली? बाबांनी? पण आई, का?"

शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. 'अरे, गेल्या वेळी तू जातो म्हणालास.' एवढं म्हटलं असतं तर त्यानं तिथल्या तिथे दहा वेळा 'येतो' म्हटलं असतं, माझ्या गळ्यात हात टाकून, लहान मुलाची समजूत घालावी तसं. मी चहा प्यायले.

"मेतकूट द्यायला," मी म्हटलं.

त्यानं माझी बॅग उघडून बघितली. मेतकुटाची पुडी आपल्या कोटाच्या एका खिशात घातली, चटणीची दुसऱ्या, मसाला लॅपटॉपच्या पिशवीत कोंबला. "लाडू नाही हं," तो म्हणाला. मग डबा उघडून त्यातला एक तिथेच खाल्ला, आणि एक ड्रायव्हरला दिला.

एक्स्प्रेस वे कळंबोलीला संपतो. तोवर वाचवलेला सगळा वेळ मुंबईनं व्याजासकट वसूल केला. ट्रकांच्या मागे ट्रक, पुलावर गर्दी, चेंबूरला तर गाडी जागची हलेना. गृहस्थ घड्याळ बघत होते, मुलगी जागी होऊन नखं खात होती. त्या गाडीत खूश असलेली मी एकटीच होते. प्रत्येक लाल दिव्याला मी मनातल्या मनात हात जोडत होते. पण मुलाचा फोन वाजला आणि ते सगळं चेंबूर त्यानं ऑफिसला देऊन टाकलं.

विमानतळाच्या दारात एकदम लगीनघाई झाली. शिट्टी फुंकत एक शिपाई गाड्या हलवायला लावत होता. ड्रायव्हरला तिथूनच परतीची माणसं भरायची होती आणि त्यांच्याबरोबर मला न्यायचं होतं. सामान उतरलं, ढकलगाड्या आल्या. मी मुलाच्या जवळ जाऊन उभी राहणार, तोच गृहस्थांनी माझी निळी बॅग उचलून आपल्या ढकलगाडीवर ठेवली आणि चालू लागले.

"चला वहिनी, एकाच विमानात आहोत. रांग मी दाखवतो."

"अहो, थांबा! मी येत नाहीये!"

"घाबरायचं नाही. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं."

"घाबरत नाहीये. माझं तिकीटच नाहीये. मी सोडायला आलेय."

गृहस्थ थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. "म्हणजे तळेगावपासून मी भिंतीशी बोलत होतो?" मग बॅग माझ्या हातात देत म्हणाले, "तरी पट्टा लावा. परतीच्या गाडीतही असतो." आणि तरातरा निघून गेले. गोळ्या मात्र परत मागितल्या नाहीत.

या गोंधळात माझा सगळा वेळ गेला. मुलानं एका हातानं मला जवळ घेतलं, त्याच्या खिशातलं मेतकूट माझ्या बरगडीला टोचलं. "नीट जा. पोचलीस की बाबांच्या फोनवरून मिस्ड कॉल दे. चल मग." आणि ढकलगाडी वळवून तो रांगेकडे निघाला.

चल मग! यात जाणंही नाही आणि येणंही नाही.  जर्मनीपर्यंतचं खोटं बोलून, कान उघडायच्या गोळ्या घेऊन मी इथवर आले, ती 'चल मग' ऐकायला? मागून ड्रायव्हर ओरडत होता, "मावशी, चला बिगीबिगी, गाडी उचलत्यात!" शिपाई माझ्याच कानाशी शिट्टी फुंकत होता. डोळ्यांत पाणी आल्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. पाठमोऱ्या मुलाला ऐकू जावं म्हणून मी जोरात ओरडले,

"बरं, जाते मी!"

मी. ज्या बाईनं जन्मात हा शब्द दारात उच्चारला नाही, ती.

ढकलगाडी थांबली. मागच्या माणसाची त्याच्या टाचेवर आदळली, त्याच्या मागच्याची त्याच्यावर. मुलगा वळला, आणि सामान तसंच रांगेत टाकून कठड्यापाशी परत आला. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला, आणि मग कळलं की तो माझाच आहे, जिन्याच्या वरच्या पायरीवरचा.

"काय म्हणालीस?"

"अरे, ड्रायव्हर ओरडतोय म्हणून…"

"जाते काय, आई? निघताना असं बोलतात का? पुन्हा म्हण."

मागे लोक खोळंबले होते. एक बाई हिंदीत काहीतरी रागावून बोलत होती. तो जागचा हलला नाही.

"येते," मी म्हटलं.

"ये," तो म्हणाला. घरात राहणाऱ्या माणसानं म्हणावं तसं, निवांत. मग धावत जाऊन त्यानं ढकलगाडी धरली. आत शिरता शिरता वळून तो आणखी काहीतरी म्हणाला, पण शिट्टी इतकी कर्कश वाजत होती की मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याचे ओठ मात्र हलले.

परतीच्या गाडीत सिंगापूरहून आलेलं एक झोपाळू कुटुंब होतं. मी पट्टा लावून बसले. घाट चढताना खरंच कान बंद झाले, तेव्हा एक लिमलेटची गोळी तोंडात टाकली आणि दुसरी ड्रायव्हरला दिली. माझ्या हातातल्या बॅगेकडे बघून तो म्हणाला, "मावशी, तुमचं इमान चुकलं का काय?" मी म्हटलं, "नाही. पुढच्या खेपेला आहे." त्याचं खाचर आलं तेव्हा त्यानं हॉर्न वाजवला नाही, लेन मोकळी होती.

हे फाटकातच उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे, पण हातात दुधाची पिशवी होती आणि दूध कोमट झालं होतं. माझ्या हातून बॅग घ्यायच्याही आधी त्यांनी विचारलं, "म्हणाला का?"

मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं की मी कशासाठी चाललेय.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "पण मला म्हणायला लावलं. मी येते म्हणाले, आणि तो ये म्हणाला."

 हे फाटक लावत म्हणाले, "झालं. म्हणजे आता तुला जावं लागणार जर्मनीला."

"जावं नाही," मी म्हटलं. "यावं लागणार."